रस्त्यावरचं मीठ: मळ्यात की तळ्यात?

ज्यांनी घरी पॉटचं आइस्क्रीम केलं आहे, त्यांना या लेखातलं निम्मं विज्ञान आधीच ठाऊक आहे. लाकडी पिंप, मधे आटवलेल्या दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मुठी मुठी जाडं मीठ. दांडा फिरवायला सगळी पोरं एका पायावर तयार, दहा मिनिटांनी सगळ्यांचे हात दुखायला लागलेले. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळायचा, आणि गंमत म्हणजे वितळलेलं ते पाणी बर्फाहूनही गार असायचं. त्या गारव्यानेच दूध गोठायचं.

साधं पाणी ० अंश सेल्सियसला गोठतं. त्यात १० टक्के मीठ असेल तर ते उणे ६ अंशांपर्यंत पातळ राहतं, २० टक्के असेल तर उणे १६ पर्यंत. सुमारे २३ टक्क्यांना ही मजल संपते, उणे २१ अंशांवर. त्याहून जास्त मीठ घालून काही उपयोग नाही. बर्फ होताना पाण्याचे रेणू एका ठरावीक जाळीत बसतात. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड मधे लुडबुड करतात आणि ती जाळी जमू देत नाहीत.

आम्हाला आइस्क्रीम हवं असायचं म्हणून आम्ही हे पिंपात करत होतो. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या उत्तर भागात हेच रस्त्यावर करतात, कारण तिथे रस्ता काळा हवा असतो. शिकागो, मिनियापोलिस, टोरांटोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना नोव्हेंबर ते मार्च बुटांच्या कडेला उमटणारी पांढरी रेघ नवी नाही. मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहते. हे शहर मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे. इथे पहिल्या हिवाळ्यात मी घसरून पडले आणि दुसऱ्याच दिवशी ५० पौंडांचं, म्हणजे साधारण २३ किलोंचं, मिठाचं पोतं आणून अर्धं घरापुढच्या उतारावर रिकामं केलं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही रस्ता वितळवताय की लोणचं घालताय?"

त्या दिवशी मी हसण्यावारी नेलं. ते पोतं पुढे कुठे गेलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

किती मीठ, आणि कुठून

रस्त्यावर मीठ टाकण्याची पद्धत काही फार जुनी नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये ती पहिल्यांदा करून पाहिली. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेत महामार्गांवर ५,००० टन मीठ पडलं होतं. आज हा आकडा वर्षाला सुमारे २ कोटी टन सांगतात. माणशी हिशेब काढला तर ५० किलोंच्या वर जातो. आपण भारतात भरपूर मीठ खातो म्हणून डॉक्टर ओरडतात, तेही माणशी वर्षाला चार किलोंच्या आसपास.

हे मीठ मिठागरातलं नसतं. जमिनीखालच्या खाणीतून फोडून काढलेलं ते खनिज मीठ असतं, चाळीस कोटी वर्षांहून जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचं. अशी एक मोठी खाण डेट्रॉइट शहराच्या पोटात आहे, एक क्लीव्हलंडजवळ ईरी तळ्याखाली. ऑन्टारिओतल्या गॉडरिचची खाण ह्युरॉन तळ्याच्या तळाखाली साडेपाचशे मीटर खोल आहे. ती जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण मानली जाते. तळ्याखाली गाडलेलं मीठ वर काढायचं, ट्रकने शेकडो मैल न्यायचं, रस्त्यावर पसरायचं, आणि वसंतात ते वाहून दुसऱ्या कुठल्यातरी तळ्यात. निसर्गाने कोट्यवधी वर्षं खर्चून एकदा बंद केलेला हिशेब आपण दर हिवाळ्यात पुन्हा उघडतो.

बटाटा नसलेली आमटी

आमटी खारट झाली की घरोघरी एक बटाटा चिरून टाकतात. खरं सांगायचं तर बटाटा मीठ वेचून घेत नाही, तो नुसतं खारट पाणी शोषतो. खरा उपाय पाणी वाढवणं हाच. तळ्याच्या बाबतीत तर मानसिक समाधानापुरताही बटाटा नाही.

मिठात वजनाने ३९ टक्के सोडियम आणि ६१ टक्के क्लोराइड असतं. यातलं सोडियम वाटेत मातीला चिकटतं, अडतं. क्लोराइड मात्र कुणाचं नाही. ते गाळासोबत खाली बसत नाही. जिवाणू ते खाऊन संपवत नाहीत. उन्हाने ते उडून जात नाही. उलट पाणी उडालं की मागे अधिक तीव्र होऊन राहतं. शेतातलं नत्र तळ्यात आलं तर त्यातलं काही हवेत परत जातं, स्फुरद गाळात गाडलं जातं. क्लोराइडला तळ्यातून बाहेर पडायची एकच वाट: पाण्याबरोबर वाहून पुढच्याच्या दारात जाणं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घ मुदतीची मर्यादा ठरवली आहे लिटरमागे २३० मिलिग्रॅम क्लोराइड. कॅनडाची मर्यादा आणखी कडक आहे, १२०. समुद्रात हेच प्रमाण १९,००० असतं. पण तुलना समुद्राशी करायची गरजच नाही. आपण आमटीत लिटरला सात-आठ ग्रॅम मीठ घालतो. त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्यालाच अमेरिकेची ही मर्यादा गाठली जाते. जिभेला ते पाणी धड खारटही लागणार नाही. एक बादली पाण्याला शीग लावून भरलेला चहाचा एक चमचा मीठ पुरतं. माझं अर्धं पोतं म्हणजे किती बादल्या, ते मी एकदा मोजायला बसले आणि दीड हजाराच्या पुढे गेल्यावर वही मिटली.

आता मेंडोटाचं बघा. या तळ्याइतका अभ्यास जगात फार थोड्या तळ्यांचा झाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्ज आणि ज्युडे या दोघांनी इथेच अमेरिकेतल्या सरोवरविज्ञानाचा पाया घातला. १९४० च्या सुमारास इथलं क्लोराइड लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर होतं. आता ते पन्नाशीच्या आसपास आहे. शहरातलंच विंग्रा हे लहान, उथळ तळं शंभरीच्या वर गेलं आहे. मिशिगनसारखं अवाढव्य सरोवर, ज्यात अख्खी मुंबई अनेकदा बुडेल, तेही दीडशे-दोनशे वर्षांत एक-दोन मिलिग्रॅमवरून १५ च्या पुढे आलं. पंधरा हा आकडा धोक्याचा नाही, पण एवढं पाणी हलायला किती मीठ लागलं असेल ते बघा.

२०१७ मध्ये हिलरी ड्यूगन आणि सहकाऱ्यांनी ३७१ तळ्यांच्या जुन्या नोंदी एकत्र करून तपासल्या. यातली बहुतेक तळी अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागातली आणि लगतच्या कॅनडातली. त्या पट्ट्यातल्या ४४ टक्के तळ्यांत खारटपणा वर्षानुवर्षं चढताना दिसला. त्यांचा एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो: तळ्याच्या काठापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात नुसती एक टक्का जागा जरी डांबर-सिमेंटने झाकलेली असली, तरी खारटपणा वाढण्याचा धोका दिसू लागतो. एक टक्का म्हणजे फार नाही. काठाने जाणारा एक रस्ता आणि गाड्या लावायची एक जागा.

तळं कूस बदलतं तेव्हा

इथवरची गोष्ट चवीची आणि आकड्यांची होती. मला ज्याने खरं हादरवलं, ते मात्र वेगळं आहे. मीठ तळ्याच्या श्वासावर बसतं.

थंड प्रदेशातलं तळं वर्षातून दोनदा कूस बदलतं. पाण्याचा एक चमत्कारिक गुण आहे: ते ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गरम झालं तरी हलकं, त्याहून गार झालं तरी हलकंच. म्हणून हिवाळ्यात बर्फाखाली ० अंशाच्या जवळचं पाणी वर तरंगतं आणि ४ अंशांचं तळाशी राहतं. मासे तिथे तग धरतात. एप्रिलमध्ये बर्फ जातो, वरचं पाणी तापत तापत ४ अंशांवर येतं, आणि काही दिवस असे येतात की वरपासून खालपर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं, एकाच वजनाचं असतं. मग नुसत्या वाऱ्याने सबंध तळं ढवळून निघतं. वरचा प्राणवायू तळाशी पोचतो, तळाशी साचलेलं वर येतं. उन्हाळ्यात वरचा थर गरम आणि हलका होतो, तळाचा थर खाली कोंडला जातो, आणि एप्रिलमध्ये भरून घेतलेल्या श्वासावर ऑक्टोबरपर्यंत काढतो. थंडी पडायला लागली की वरचं पाणी पुन्हा जड होतं, आणि पुन्हा एकदा ढवळण.

आता यात मीठ घाला. रस्त्यावरून येणारं खारं पाणी जड असतं. ते गटारातून तळ्यात पडतं ते सरळ घरंगळत तळाशी जातं आणि सर्वांत खोल खळग्यात जाऊन बसतं, बाटलीतल्या सरबताच्या तळाशी पाक बसावा तसं. तेही नेमकं कधी? बर्फाचं झाकण घट्ट असताना, जेव्हा वारा त्याला हलवू शकत नाही.

किती मीठ लागतं? मी गणित करून पाहिलं आणि दोनदा तपासलं. गच्चीवर असते तशी हजार लिटरची टाकी घ्या. ४ अंशांच्या आणि ६ अंशांच्या पाण्याने ती भरली तर दोन्हींच्या वजनात फरक पडतो जेमतेम ३० ग्रॅमचा. आणि त्या टाकीत ४० ग्रॅम मीठ, म्हणजे एक मूठ, विरघळवलं तरी जडपणात फरक पडतो तितकाच. म्हणजे तळाच्या पाण्यात हजार लिटरला एक मूठ मीठ जास्त असेल, तर एप्रिलमध्ये वरचं-खालचं पाणी एकाच वजनाचं व्हायचा तो मुहूर्त टळू शकतो. वारा जोरदार असेल तर तो एवढा फरक मोडून काढतो. पण दोन मुठी, चार मुठी झाल्या आणि त्या आठवड्यात वारा पडलेला असला, तर ऊन चढतं, वरचा थर गरम होतो, आणि दार बंद. तळ उन्हाळ्यात शिरतो तोच गेल्या वर्षीच्या शिळ्या हवेवर.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत लेक प्लॅसिड नावाचं गाव आहे. १९३२ आणि १९८० चे हिवाळी ऑलिंपिक इथे झाले. गाव लेक प्लॅसिड असलं तरी बाजारपेठ मिरर लेक नावाच्या वेगळ्या, लहान तळ्याला खेटून आहे, आणि मेन स्ट्रीटचं पावसाळी पाणी वर्षानुवर्षं नळांतून थेट या तळ्यात सोडलेलं होतं. पर्यटकांचं गाव, रस्ते आणि फुटपाथ कोरडे ठेवणं हा तिथे पोटापाण्याचा प्रश्न. २०१७ च्या वसंतात अभ्यासकांना दिसलं की तळाशी बसलेल्या खाऱ्या थरामुळे मिरर लेक कूस बदललंच नाही. तळाला प्राणवायू संपलेला पट्टा वाढला. तिथल्या लेक ट्राउट माशाला गार पाणीही हवं आणि प्राणवायूही हवा. वर पाणी गरम, खाली प्राणवायू नाही, मधल्या पट्टीत त्याची कोंडी.

गावाने ते मनावर घेतलं, हे सांगायलाच हवं. मीठ कमी केलं, मेन स्ट्रीट नव्याने बांधताना पाण्याची वाट बदलली, आणि पुढच्या काही वसंतांत तळं पुन्हा ढवळलं गेल्याच्या नोंदी आहेत. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याने अ‍ॅडिरॉन्डॅक भागातलं मीठ कमी करण्यासाठी कायदा केला, तो विल्मिंग्टन गावचे दिवंगत प्रमुख रँडी प्रेस्टन यांच्या नावाने ओळखला जातो.

मला राग येतो तो याचा की हे काही नव्याने कळलेलं नाही. रॉचेस्टर शहराजवळच्या आयरोन्डिक्वॉइट खाडीत १९७० च्या वसंतात हेच घडलं होतं. रस्त्यावरच्या मिठाने पाणी पूर्ण ढवळलं गेलं नाही, आणि १९७१ मध्ये ते 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं. माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता. म्हणजे अर्धं शतक आपल्याला माहीत होतं आणि दर हिवाळ्यात पोती वाढत होती.

तळाला प्राणवायू नसला की आणखी एक दार उघडतं. गाळात लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद सुटून पाण्यात येतं. स्फुरद म्हणजे शेवाळाचं खत. शिवाय तळ्यातल्या सूक्ष्म प्राण्यांमध्ये डॅफ्निया नावाचा मोहरीएवढा जीव असतो, पाण्यातली पिसूच म्हणा. हा दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातो. तळं नितळ राहतं ते बरंचसं त्याच्या जिवावर. मीठ वाढलं की तो आधी मरतो. एका बाजूने शेवाळाला खत, दुसऱ्या बाजूने त्याला खाणारा गायब. २०२२ मध्ये उत्तर अमेरिका आणि युरोपात अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने केलेल्या प्रयोगांत दिसलं की जवळजवळ तीन-चतुर्थांश ठिकाणी असे जीव निम्म्याहून कमी झाले, आणि तेही क्लोराइड सरकारी मर्यादेत असतानाच. म्हणजे २३०च्या आत आहोत म्हणून निवांत बसण्यात अर्थ नाही. रेन्सेलर संस्थेतल्या रिक रेल्या यांच्या गटाला डॅफ्निया अडीच महिन्यांत थोडा खारटपणा सोसायला शिकल्याचंही आढळलं. पण या आशेवर पोतं रिकामं करू नये. सोसायला शिकण्याची किंमत तो जीव दुसरीकडे कुठेतरी मोजतोच.

मळ्यात

लहानपणी आपण 'तळ्यात-मळ्यात' खेळायचो. मिठाच्या खेळात गोम अशी की 'मळ्यात' म्हटलं तरी ते शेवटी तळ्यातच उडी मारतं, फक्त उशिरा. मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मिनियापोलिस-सेंट पॉल भागाचा हिशेब मांडला, तेव्हा रस्त्यावर पडलेल्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ त्याच भागातल्या मातीत, भूजलात आणि तळ्यांत अडकून राहिलेलं निघालं. नदीवाटे वाहून गेलं ते उरलेलं. भूजल वर्षानुवर्षं झिरपत ओढ्यांना मिळतं, म्हणून ऐन जुलैतही ओढ्यांत क्लोराइड असतंच. बाल्टिमोरच्या काही ओढ्यांत हिवाळ्यात क्लोराइड समुद्राच्या चौथाईपर्यंत गेल्याचं २००५ मध्ये नोंदवलं गेलं. आज मीठ थांबवलं तरी काही विहिरींचा खारटपणा आणखी कैक वर्षं वाढतच जाणार, कारण वाटेत असलेलं अजून पोचायचं आहे. मॅडिसनमधल्या एका वर्दळीच्या रस्त्यालगतच्या सरकारी विहिरीत मीठ उतरल्यावरच इथल्या लोकांचे डोळे उघडले.

मातीचं काय होतं ते सांगली-कोल्हापूरच्या ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. तिथे पाण्याच्या अतिवापराने जमीन चोपण होते: सोडियम वाढतं, मातीचे कण सुटे होतात, पावसात चिखल आणि उन्हात दगड. मीठ पडणाऱ्या रस्त्याच्या कडेची माती चोपणच होते, कारण वेगळं, रसायन तेच. सोडियम मातीला चिकटताना आधी चिकटून बसलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जड धातू ढकलून देतं, तेही मग पाण्यात. शेतकरी चोपण जमिनीत जिप्सम घालून सोडियम हुसकावतो. क्लोराइडसाठी जिप्सम नाही.

शिवाय क्लोराइड गंज चढवतं. गाड्यांचे पत्रे, पुलांच्या सळ्या, नळ. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला ह्युरॉन सरोवराचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. नदीत क्लोराइड जास्त, त्यात रस्त्यावरच्या मिठाचाही वाटा. गंज रोखणारं फॉस्फेट त्या पाण्यात घातलं गेलं नाही, हा मूळ गुन्हा. आणि जुन्या नळांतलं शिसं लोकांच्या पेल्यांत उतरलं. त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून आपल्या कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं. शहरातल्या मुलांनी ते पुढेही वर्षभर प्यायलं.

बर्फ नसलेल्या गावातही

महामार्गावरून वाहणारं पाणी नुसतं खारट नसतं. ब्रेकच्या घासणीतून तांबं, टायरमधून जस्त, गाडीतून गळलेलं तेल, धुरातली काजळी हे सगळं डांबरावर साचतं आणि पहिल्या जोरदार सरीत एकदम सुटतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलच्या आसपास अंडी घालायला ओढ्यांत चढणारे कोहो सॅमन मासे पाऊस पडला की अंडी घालायच्या आतच तडफडून मरत. कारण सापडायला बरीच वर्षं गेली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते जाहीर झालं: टायरला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की एक नवंच विष तयार होतं, सिक्स-पीपीडी-क्विनोन.

हे टायर सगळ्या जगभर फिरतात. पुण्याहून पानशेतला जाताना खडकवासल्याचं पाणी रस्त्याला लागूनच असतं. तिथे मीठ कुणी टाकत नाही, पण जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरून जे काळं पाणी ओघळतं, ते आठ महिने झिजलेल्या टायरांचं आणि ब्रेकचंच पाणी असतं.

मात्र या दोन प्रदूषणांत एक मोठा फरक आहे. सिअ‍ॅटलकडच्याच संशोधकांनी महामार्गाचं ते जीवघेणं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहो माशांना दिलं, आणि मासे जगले. टायरचं विष, धातू, तेल यांना माती अडवू शकते. रस्त्याकडेला झाडं-गवत लावलेला साधा खळगा असेल तरी बरंच काम होतं. क्लोराइड त्याच खळग्यातून सुखरूप पार होतं. म्हणून मिठाच्या बाबतीत गाळण्याचा उपाय नाही, आधी कमी टाकण्याचाच आहे.

चवीपुरतं

मिठाऐवजी दुसरं काही? वाळू टाकली तर घसरण कमी होते, पण ती गटारं बुजवते आणि तळ्यात गाळ भरते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड आणखी थंडीत चालतात, पण नावातच क्लोराइड आहे. बिटाचा रस मिसळून पाहिला आहे, तो पाण्यात कुजताना प्राणवायू खातो. विस्कॉन्सिन हे चीजचं राज्य, म्हणून इथल्या पोक काउंटीने चीज कारखान्यातलं खारं पाणीही रस्त्यावर शिंपडून पाहिलं. वाया जाणारं कामी आलं हे खरं, पण मीठ ते मीठच.

जिथे खरी बचत झाली ती साध्या गोष्टींनी. कोरडे खडे फेकले तर त्यातले तीसेक टक्के उसळून रस्त्याबाहेर जातात. त्याऐवजी हिमवृष्टीच्या आधीच २३ टक्के खारं पाणी रस्त्यावर फवारलं, तर बर्फ डांबराला चिकटतच नाही आणि मीठ कितीतरी कमी लागतं. वहीच्या रेघांसारखे समांतर पांढरे पट्टे रस्त्यावर दिसले की इथले लोक ओळखतात, उद्या बर्फ आहे. दुसरी गोष्ट तापमानाची. उणे १ अंशाला एक किलो मीठ ४६ किलो बर्फ वितळवतं. उणे ७ ला नऊ किलोंहून कमी. उणे १२ ला पाच. म्हणजे कडाक्याच्या थंडीत, जेव्हा माणूस घाबरून सर्वांत जास्त मीठ ओततो, तेव्हाच ते सर्वांत कमी काम करतं. न वितळता पडून राहिलेला प्रत्येक खडा मार्चमध्ये तळ्यात जातो.

भीतीचं दुसरं टोक कोर्टात आहे. दुकानांपुढच्या मोकळ्या जागांवर मीठ टाकणारे कंत्राटदार बेसुमार टाकतात, कारण कुणी घसरून पडलं तर खटला त्यांच्यावर. न्यू हॅम्पशायरमध्ये ९३ क्रमांकाचा महामार्ग रुंद करताना आजूबाजूचे ओढे आधीच मर्यादेपलीकडे खारट झाल्याचं दिसलं. मग २०१३ मध्ये त्या राज्याने कायदा केला: बेताने मीठ कसं टाकायचं याचं प्रशिक्षण घेऊन नोंदी ठेवणाऱ्या कंत्राटदाराला अशा खटल्यांपासून संरक्षण. सगळ्या उपायांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. मीठ कमी टाका असं सांगणं सोपं आहे. कमी टाकणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं अवघड.

आणि घरापुरतं? इथल्या मीठ-बचत मोहिमेचं माप आहे: कॉफीचा एक मोठा मग, साधारण साडेतीनशे मिलिलिटरचा. घरापुढच्या २० फूट लांबीच्या उताराला, नाहीतर फुटपाथच्या दहा फरशांना, तेवढं पुरतं. आधी फावड्याने बर्फ ओढायचा, मग विरळ शिंपडायचं, दोन खड्यांमध्ये मोकळी जागा राहील असं. आपल्या पाककृतींत 'मीठ चवीपुरतं' लिहितात आणि नव्या सुनेला घाम फुटतो. इथे निदान मग ठरलेला आहे.

मी तो मग गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवून ठेवला आहे. बर्फ जाऊन उतार वाळला की उरलेले खडे केरसुणीने गोळा करून डब्यात परत भरते. पहिल्यांदा हे करताना शेजारच्या आजोबांनी पाहिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, आत जाऊन त्यांच्याकडची जुनी सुपली घेऊन आले.